न मोजलेला हार

आंघोळ करून शालिकराम न्हाणीतून बाहेर आला, ओसरी ओलांडून खोलीत गेला, आणि पंचा दोरीवर टाकताना त्याने सहज मागे वळून पाहिलं. फरशीवर त्याच्या ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. न्हाणीच्या उंबऱ्यापासून खोलीच्या उंबऱ्यापर्यंत नऊ. डावा, उजवा, डावा, उजवा; सगळ्यांची बोटं खोलीकडे. माघातली सकाळ होती, फरशी गार होती, ठसे सावकाश वाळत होते. तो पाहत राहिला. ठशांची ती रांग मनातल्या मनात अर्धा फेरा फिरवून पाहिली, तर बोटं न्हाणीकडे झाली, जमलं नाही. मधोमध रेघ ओढून वरची बाजू खाली केली, तर डाव्याच्या जागी उजवा आला, पण तिथे मुळात फरशी कोरडी होती. तेही जमलं नाही. मग एक पाऊल पुढे सरकवून खालीवर केली. डावा नेमका उजव्यावर बसला, उजवा पुढच्या डाव्यावर, आणि रांग होती तशीच्या तशी राहिली. सरकणं आणि उलटणं, दोन्ही एका दमात. त्याखेरीज दुसरं काही चालत नव्हतं.  खोलीतल्या टेबलावर कलकत्त्याहून तपासायला आलेली त्याच्या लेखाची मुद्रितं पडली होती. त्यांच्या चौथ्या पानावर त्याने सिद्ध केलं होतं की अशी रांग असू शकत नाही.

"अवो, उघडे काहून उभे हा तुमी?" सत्यभामा स्वयंपाकघरातून फडकं घेऊन आली. "मांगच्या पंधरवड्यात खोकून खोकून घर डोक्यावर घेतलं होतं. अन् किती डाव सांगतलं, पाय पुसून येत जा म्हणून." ती वाकली आणि उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत फडकं मारत गेली. नऊच्या नऊ ठसे गेले. शालिकरामला वाटलं, तिला थांब म्हणावं. पण थांबवून सांगणार काय होता? त्याने सदरा घातला, खुर्चीवर बसला आणि चौथं पान उघडलं.

लेख अठरा पानांचा होता आणि त्यासाठी अकरा वर्षं गेली होती. विषय सांगायला सोपा. एका सरळ पट्टीवर एकच खूण पुन्हा पुन्हा येत राहते, लुगड्याच्या काठावर येते तशी. त्या पट्टीवर अशा कोणत्या हालचाली करता येतात की ती झाल्यावर पट्टी होती तशीच दिसावी? पुढे सरकवणं, आडवी उलटणं, उभी उलटणं, अर्धा फेरा फिरवणं. अशा चालणाऱ्या हालचालींचा मिळून एक गट होतो. दोन हालचाली एकापाठोपाठ केल्या की तिसरी होते, तीही त्याच गटातली. प्रत्येक हालचाल परत फिरवता येते. आणि काहीच न करणं हीसुद्धा एक हालचालच, तिलाही गटात जागा द्यावी लागते. हे सांगताना तो वर्गात शेवटच्या बाकाकडे बोट करायचा, "तुम्ही मागचे लोक गेली दोन वर्षं तीच करताय," म्हणायचा, आणि वर्ग दरसाल हसायचा. पट्ट्या हव्या तितक्या काढा, वेल काढा, मोर काढा. पण असे गट किती? शालिकरामचं उत्तर होतं, सहा. लेखाच्या शीर्षकातच सहा होते. पहिल्या परिच्छेदात त्याने लिहिलं होतं की लेखकाच्या आईला अक्षरओळख नाही, अकोल्याला ती फुलांचे हार बांधते, तिला हाराच्या सहाच तऱ्हा ठाऊक आहेत, आणि पुढील पानांत ती का बरोबर आहे ते दाखवलं आहे. ही गोष्ट तो कितीतरी वर्षं सांगत आला होता. नागपूरच्या निवड समितीतल्या एका गोऱ्या साहेबाला ती इतकी आवडली की त्याने ती दुसऱ्याला सांगताना शालिकरामने ऐकली. समिती शनिवारी बसायची होती. अठरा वर्षं कनिष्ठ जागेवर काढल्यावर, लेख छापून येतो आहे एवढ्या आधारावर, त्याचं नाव प्रोफेसरच्या जागेसाठी पुढे गेलं होतं. आज मंगळवार. मुद्रितं गुरुवारच्या टपालाने परत जायची होती.

चौथ्या पानावर वरून नववी ओळ. 'उघड आहे की सरकून उलटणे ही हालचाल स्वतंत्रपणे येत नाही. ती नेहमी अन्य दोन हालचालींच्या संयोगातून उद्भवते.' पुढे दोन उदाहरणं, दोन्ही बरोबर. आणि मग पुढची चौदा पानं त्या ओळीवर उभी. पुस्तकात 'उघड आहे' असं आलं की तिथेच थांबून पाहावं, हे तो मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवायचा. स्वतःच्या ओळीवर तो अकरा वर्षांत एकदाही थांबला नव्हता. चूक कळल्याचा धक्का तसा मोठा नव्हता. एक्केचाळिसाव्या वर्षी माणसाला स्वतःच्या चुका नव्या वाटत नाहीत. पण इतकी सोपी गोष्ट दिसली कशी नाही, याचा त्याला थकवा आला. पेन्सिल घेऊन त्याने मुद्रिताच्या पाठीमागे आईच्या तऱ्हा मांडल्या, तिने दिलेल्या नावांनी. दोऱ्याच्या एकाच बाजूला सगळी फुलं ताठ, तो उभा. एकाच बाजूला सगळी पुढे झुकलेली, तो कलता. दोन्ही बाजूंना जोडीने ताठ, तो भरला. जोडीने पुढे झुकलेली, ती मासोळी. एक फूल या बाजूला, एक त्या बाजूला, ताठ, तो डावाउजवा. एक या बाजूला पुढे झुकलेलं, एक त्या बाजूला मागे झुकलेलं, ती पलटी. सहा. आणि एक या बाजूला, एक त्या बाजूला, पण दोन्ही पुढेच झुकलेली? लहान पोराने विचारावा असा हा प्रश्न होता. कागदावर त्याची जागा मोकळी दिसत होती, पंगतीत एकच पाट रिकामा राहावा तशी.

आणि त्या मोकळ्या जागेकडे पाहता पाहता त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर जुनी झिणझिणी आली. मोर्णा नदीच्या काठची बाग. तो सहा-सात वर्षांचा. पाटाचं पाणी वांग्याच्या वाफ्यात सोडून वडील पलीकडे गेलेले, माय निंबाखाली बसलेली, पुढ्यात तगरीची टोपली, धाग्यासाठी भिजवलेलं केळीचं सोपट. तिच्या शेजारी बसून तोही बांधत होता. पहिलं फूल इकडे, पुढे झुकलेलं. दुसरं तिकडे, पुढे झुकलेलं. तिसरं पुन्हा इकडे. तीन फुलं छान चालल्यासारखी दिसत होती, म्हणून दाखवायला तो "माय, पाय—" असं काही म्हणाला असावा. तेवढ्यात हातावर फाडकन बसली. मायनं त्याला जन्मात मारलं ते तेवढंच. वडील मारत, काका मारत, मास्तर तर रोज, माय नाही. तिने दोरा ओढला, तिन्ही फुलं वेगळी केली आणि कुंपणापलीकडे टाकली. मग जवळ घेतलं आणि म्हणाली, "सहाच असतात रे राजा. सहाच." त्याने काहून म्हणून विचारलं नाही. बोटांनी ती गोष्ट त्या दिवशीच सोडून दिली, आणि पुढे ज्या डोक्याने अलाहाबादला पहिला वर्ग मिळवला त्या डोक्याने बोटांची री ओढली. त्याची सगळी सिद्धता त्या चापटीवर उभी होती. हे लक्षात आलं तेव्हा त्याला हसू आलं नाही, रडूही नाही. अकरा वर्षं कोणाचं तरी ओझं वाहून आणावं आणि दारात उतरवल्यावर कळावं की घर चुकलं, तसं त्याला झालं.

कॉलेजात पहिला तास त्याने कसा घेतला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मधल्या सुट्टीत भौतिकीचे भगवंतराव भेटले. ते मूळचे पुण्याकडचे, वऱ्हाडात वीस वर्षं राहूनही इथल्या बोलीचा एक शब्द त्यांच्या तोंडी बसला नव्हता. "काय शालिकराव, प्रोफेसर होणार म्हणून आतापासूनच चेहरा लांब करायचा सराव?"

"तुम्ही मागे स्फटिकांचं म्हणाला होता. सरकून उलटणं तिथे एकटंच सापडतं म्हणून."

"दोन वर्षांपूर्वी म्हणालो. तेव्हा आपण म्हणालात, तुमचे स्फटिक जाडे असतात, माझी पट्टी बारीक आहे."

"सापडलं."

"कुठे?"

"न्हाणीत."

भगवंतराव इतके हसले की शिपायाने आत डोकावून पाहिलं. मग पेन्सिलीची आकृती पाहून ते गंभीर झाले. त्यांना या विषयाची खरी ओढ होती. कपाटात त्यांनी गारगोटीचे खडे जपून ठेवले होते. खड्यातले अणू कसे रचलेले आहेत ते डोळ्यांना दिसत नाही, पण कोणत्या हालचालीने खडा तसाच राहतो हे कळलं की रचना कळते. दोनशे तीस तऱ्हा, एकही जास्त नाही, हे ते भक्तीने सांगत. त्याहून पुढचंही सांगत. जागा बदलली तरी निसर्गाचा नियम बदलत नाही, म्हणूनच चालत्या वस्तूचा वेग टिकतो. बदलूनही जे तसंच राहतं त्याच्यापोटी जगात काहीतरी टिकून असतं. "घाबरता कशाला?" ते म्हणाले. "सहाचे सात करा. चौथं पान नव्याने लिहा, कलकत्त्याला तार टाका की दुरुस्ती येते आहे. समितीला सहा काय नि सात काय. आणि खरं सांगू? जर्मनीत कोणीतरी हे कधीच मोजून ठेवलं असेल. आपल्याकडे पुस्तक पोचायला दहा वर्षं लागतात, म्हणून आपण शोध लावतो."

त्यांचं बरोबर होतं. दुरुस्ती दोन संध्याकाळींचं काम होतं. पहिला परिच्छेद मात्र राहत होता. आईला अक्षरओळख नाही, तिला सहाच ठाऊक आहेत. ते खरं होतं की नव्हतं? गणिताला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं; तो परिच्छेद काढून टाकला तरी लेख तसाच राहिला असता. पण शालिकरामला तेवढंच कळून घ्यायचं होतं. दुपारच्या तासांची रजा टाकून तो अमरावती स्टेशनवर गेला, बडनेऱ्याला गाडी बदलली आणि अकोल्याच्या गाडीत खिडकीशी बसला. बाहेर कापूस वेचून, पऱ्हाटीच्या काड्या उपटून शेतं मोकळी झाली होती. तारेचे खांब मागे जात होते, एकसारखे, अंतरही तेच. दर वेळी त्याला त्यांच्याकडे पाहून बरं वाटायचं. काही झालं तरी पुढचा खांब येणार. आज ते मोजण्याचा त्याला कंटाळा आला. वडील गेले तेव्हा याच मार्गावर तो पलीकडच्या बाजूने, अलाहाबादहून, आला होता. इन्फ्लुएंझाची साथ होती, तार उशिरा मिळाली, परीक्षेचे दोन पेपर उरले होते. ते देऊन तो निघाला आणि दहाव्या दिवशी घरी पोचला. त्याला कोणी काही म्हणालं नाही. धाकटा खुशाल सगळं करून मोकळा झाला होता. माय एवढंच म्हणाली होती, "जेव. गाडीत काही भेटलं नसन."

बागेत तो पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. खुशालराव माल घेऊन बाजारात गेला होता. त्याची माय मनकर्णाबाई निंबाखाली बसली होती, तीच टोपली नसेल पण तशीच, आणि संध्याकाळच्या गिऱ्हाइकांसाठी हार बांधत होती. पंच्याहत्तरीला आली होती. डोळे गेल्यातच जमा होते, तरी बोटांना डोळ्यांची गरज नव्हती.

"कोन हाय?"

"मी, माय. शालिक."

"मंगळवारी?" तिचे हात थांबले नाहीत. "आज कालेज नाही काय?"

"हाय. रजा टाकली."

"सत्यभामाले बरं नाही?"

"तिले बरं हाय."

"मंग तुले बरं नाही."

"मले बी बरं हाय. माय, एक इचारू काय तुले?"

"घ्या. आमरावतीहून तिकीट काढून इचाराले आला, अन् आता म्हणते इचारू काय."

तो तिच्यासमोर मातीवर बसला. "हार किती तऱ्हेचे असतात?"

"सहा," ती म्हणाली. मान वर न करता, दिवस किती उरला ते सांगावं तसं.

त्याने टोपलीतून तगर उचलली, सोपटाचा धागा घेतला. हाताला सवय नव्हती. पहिलं फूल इकडे, पुढे झुकतं, दुसरं तिकडे, तिसरं इकडे. मग धागा तिच्या तळहातावर ठेवला. तिची बोटं त्यावरून एकदा गेली आणि जागीच राहिली. शालिकरामने नकळत आपला हात मागे घेतला.

"कोनं दाखवलं? खुशालनं?"

"कोनी नाही. सकाळी न्हाणीतून आलो, तं वल्ल्या पायाचे ठसे असेच उमटले होते."

तिने धागा मांडीवर ठेवला. पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "तेच हाय ते. जानाऱ्याचं पाऊल." आणि एकदा सुरू झाल्यावर तिने सगळं सांगितलं, भाजी कशी फोडणीला टाकावी ते सांगावं तशा साध्या आवाजात. आपल्या घरात हा हार तिरडीवरच पडतो. फुलांचा कल पायांकडे ठेवायचा, घराकडे नाही, म्हणजे गेलेला माणूस वळून येत नाही. थोरल्या लेकरानं बांधायचा, मायबापासाठी. एरवी हातात घ्यायचा नाही, त्याला नाव ठेवायचं नाही आणि मोजायचा तर नाहीच. "मोजला का तो घरातला होते. म्हनून सहाच."

"थोरला तं मी हावो. मले काहून नाही सांगतलं?"

"तुले सांगाचाच होता. पन तुह्या बापाच्या टायमाले तू तिकडं पेपर देऊन राहिला होता." तिने हे टोचून म्हटलं नाही, म्हणून ते जास्त खोल गेलं. "मंग खुशालले शिकवलं. रातभर बांधे, तुटे, बांधे, तुटे. अन् तुले शिकवून तरी काय? तू पोट्ट्यायले शिकवत फिरला असता."

मग त्याने तिला लेखाचं सांगितलं. छापून येणार आहे, त्यात सहा लिहिलं आहे, ते खोटं आहे, सात लिहावं लागेल. शनिवारचं आणि जागेचंही सांगितलं. ती ऐकत होती.

"कोठी छापते?"

"कलकत्त्याले."

"तेथचे लोक हार बांधतेत?"

"नाही. गनित करतेत."

"मंग त्यायले सहानं काय कमी पडते?"

"खोटं पडते, माय."

"बरं." ती थोडं थांबली. "मी जित्ती हावो तवर सहाच राहू दे. मंग तुले किती मोजाचे तितके मोज."

"त्यात फुलं नाहीत माय, निस्त्या रेघा हायेत. कागदावरच्या."

"तुह्याच हातच्या ना?"

 थोरल्या लेकाच्या हातची सातवी आकृती, खाली त्याचं नाव. माय जिवंत असताना. तो या गोष्टी मानत नव्हता. अलाहाबादपासून मानत नव्हता. पण ती मानत होती, आणि आकृती तिची होती. मायने धागा ओढला. तिन्ही फुलं सुटली. ती तिने टोपलीत टाकली नाहीत. चाचपडत हात उचलला आणि कुंपणापलीकडे भिरकावली. मग राहिलेला अर्धा हार उचलला, दोन गाठी मारल्या आणि वर न पाहता म्हणाली, "मधातलं फूल उभं झालं होतं तुहं. कल कमी पडला." थोड्या वेळाने पुन्हा: "तवा नीट कल देजो. खुशालचा हात जड हाय."

खुशालरावची वाट न पाहता तो निघाला. अकोला स्टेशनात गाडीला अजून वेळ होता. तारघराच्या खिडकीशी उभं राहून त्याने फॉर्म घेतला. सहा तसेच छापले, तर शनिवार पार पडत होता आणि त्याच्या नावावर कायमचं एक खोटं राहत होतं. सात लिहिले, तरी शनिवार पार पडत होता. दोन्ही वाटांनी तो प्रोफेसर होत होता. फॉर्मवर त्याने मजकूर लिहिला: लेख मागे घेत आहे, छापू नये. कारण लिहिलं नाही. कारकुनाने तार वाचली, "वापस म्हणजे एकदम वापस ना, मास्तर?" असं विचारलं, आणि शालिकरामने मान हलवली. सहा नाही, सात नाही. काहीच न करणं. तिलाही गटात जागा द्यावी लागते. वर्गात हे वाक्य पुन्हा म्हणता येईल की नाही, असं त्याला वाटून गेलं.

गाडीत डब्यातले लोक पेंगत होते. मुद्रितं मांडीवर होती. भगवंतराव विचारतील, त्यांना काहीतरी सांगू. समितीतला साहेब ती गोष्ट विसरून जाईल. जागेवर नागपूरचा कोणीतरी येईल आणि तो बरा माणूस असेल. हे सगळं त्याला सोसण्यासारखं वाटत होतं. मूर्तिजापूर गेल्यावर मात्र दुसरीच गोष्ट लक्षात आली आणि तो ताठ बसला. लेख फाडलेला नव्हता. चौथं पान नव्याने कसं लिहायचं ते डोक्यात तयार होतं. म्हणजे तो लेख आता टेबलाच्या खणात राहणार, आणि कधीतरी पुरा होणार, आणि केव्हा पुरा होणार ते ठरलेलं होतं. आधी फुलांनी, मग शाईने. यापुढे अकोल्याहून कार्ड आलं की पहिली ओळ वाचण्याआधीच मायबद्दल एक विचार येणार, आणि तो नेमका कोणत्या बाजूला झुकलेला आहे हे त्याला दर वेळी पाहावं लागणार. अकरा वर्षं त्याने त्या लेखाची वाट पाहिली होती. तीच सवय आता अंगात होती आणि तिला थांबायला सांगता येत नव्हतं.

सकाळी तो आंघोळ करून न्हाणीच्या उंबऱ्याशी थांबला. दोरीवरचं फडकं घेतलं, आधी डावा पाय पुसला, मग उजवा. बोटांच्या बेचक्यांतलं पाणीही टिपलं. मग पुन्हा एकदा दोन्ही पाय पुसले.

"आज बरं ध्यानात राह्यलं," सत्यभामा आतून म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि कोरड्या फरशीवरून खोलीत गेला. मागे वळून पाहिलं नाही.